तो खोटा हिरवा ठिपका

सलमा,

परवा तुझ्या जियारतीला, तू गेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या दुव्याला, आले होते. बायकांच्या खोलीत तुझ्या एक मामी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी तुझ्याबरोबर काम करायचे हे कळल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सलमा कॉम्प्युटरमध्ये नक्की करायची काय गो?"

मी सांगायला गेले. म्हटलं, "कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, छोटी छोटी चित्रं असतात ना? त्यातलं खोटं चित्र ती काढून टाकायची."

मामींनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "असू दे. काहीतरी काम होतं ना पोरीला, बस्स."

मला इतका राग आला. त्यांचा नाही, स्वतःचा. बारा वर्षं तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि तू काय केलंस ते मला एका वाक्यात सांगता येऊ नये? रिक्षात बसले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि डोक्यात नुसती वाक्यं. मामींना सांगायला हवी होती ती. आता तुलाच सांगते. तुला सगळं माहीतच आहे, एक गोष्ट सोडून. ती मधेच कुठेतरी येईल.

आपण भेटलो तेव्हा तू त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकवायचीस आणि मी टायपिंग. तू इलेक्ट्रॉनिक्सची बीएस्सी, मी कॉमर्सची. तुझे अब्बा गल्फमध्ये फ्रीज आणि एसी दुरुस्त करायचे. सुट्टीवर आले की घरातला चांगला चालणारा फ्रीजसुद्धा उघडून तुला दाखवायचे. म्हणून तुला प्रोग्रामही कळायचा आणि कॉम्प्रेसरही. मला तेव्हा दोन्ही कळत नव्हतं. क्लासच्या मालकांनी जेव्हा "लेडीज टीचरनी सहानंतर बॅच घ्यायची नाही" असा नियम काढला, तेव्हा तू खडू टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "उज्जू, चल. आपलं आपण करू." मी कुठे, कसं, काहीही न विचारता पर्स उचलली होती. आयुष्यात एवढं शहाणपणाचं मी दुसरं काही केलेलं नाही.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरची खोली. खाली चक्की सुरू झाली की आपले मॉनिटर थरथरायचे. कीबोर्डवर सकाळी पिठाचा थर. तू ओढणीच्या टोकाने तो पुसायचीस आणि म्हणायचीस, "आज ज्वारी आहे." खरंच ओळखायचीस. गिरणीवाले काका जिन्यात भेटले की विचारायचे, "काय, मॅडम लोक, मशीन चालू आहेत ना?" तेव्हा चालू मशिनी जास्त त्यांच्याकडेच होत्या.

आपलं पहिलं मोठं काम म्हणजे खांदा कॉलनीतलं ते लहान मुलांचं हॉस्पिटल. डॉक्टरांकडे लसींचा फ्रीज होता. त्याचं तापमान दोन ते आठच्या मधे राहिलं पाहिजे, नाहीतर लसी निकामी. आणि लस निकामी झाली ते बाटलीकडे बघून कळत नाही. टोचल्यावरही कळत नाही. मूल आजारी पडतं तेव्हा कळतं. हे तू मला पहिल्या दिवशी सांगितलंस आणि म्हणालीस, "म्हणून हे काम घ्यायचं."

तू फ्रीजमध्ये सेन्सर बसवलास, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडलीस. प्रोग्राम दर मिनिटाला तापमान वाचायचा. घड्याळाशेजारी एक गोल ठिपका टांगून ठेवायचा. तापमान बरोबर असेल तर हिरवा, बिघडलं तर लाल. लाल झाला की कॉम्प्युटर टुंग टुंग करायचा. एवढंच. डॉक्टर खूश झाले. सिस्टरना शिकवायचं काम माझं होतं.

जयवंती सिस्टर. उरणकडच्या कोळीवाड्यातल्या, चाळिशीच्या, केसात कायम अबोलीचा गजरा. त्यांना मी सगळं समजावलं आणि शेवटी म्हटलं, "सिस्टर, ठिपका हिरवा आहे तोवर फ्रीज उघडून बघायची गरजच नाही. हिरवा म्हणजे ठीक." त्यांनी ते रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. हिरवा म्हणजे ठीक. माझे शब्द. माझ्या डोळ्यासमोर लिहिलेले.

आणि मग तो सोमवार.

सकाळी दहाला डॉक्टरांचा फोन आला. "दोघी या. आत्ता." आपण गेलो तर बाहेरच्या बाकांवर बाळं घेऊन आया बसलेल्या. लसीकरणाचा दिवस. फ्रीजचं दार उघडं, आतल्या थर्मामीटरचा पारा एकोणिसावर. शनिवारी आणि रविवारी लाइटने सारखी ये-जा केली होती आणि त्यात कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बसला होता. कॉम्प्युटर मात्र इन्व्हर्टरवर, तो चालूच होता. जयवंती सिस्टरनी सकाळी पहिल्या बाळासाठी लस काढायला फ्रीज उघडला, बाटली हाताला कोमट लागली, आणि त्यांनी एकाही बाळाला सुई न लावता रांग थांबवली. हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. पण डॉक्टर रजिस्टर हातात घेऊन उभे होते.

"शनिवारी संध्याकाळी 'ठीक'. रविवारी दोनदा 'ठीक'. न बघता लिहिलंय सगळं!"

"न बघता नाय लिवला," सिस्टर म्हणाल्या. "मी बघितलाय तो हिरवा. माज्या डोल्यांनी बघितलाय. आता सकालीपन होता."

"कुठे होता? मी स्वतः बघितलं. तिथे काहीच नाहीये."

"होता! तुमी माउस फिरवलात आनि गेला."

"सिस्टर, आता पुरे. चूक झाली तर झाली म्हणा. वर खोटं नको."

सिस्टर ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहिल्या. सतरा वर्षं त्या हॉस्पिटलात होत्या त्या, डॉक्टरांच्या वडिलांच्या वेळेपासून.

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. घड्याळाशेजारी खरंच काही नव्हतं. आणि सलमा, मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. ही ती गोष्ट, जी तुला माहीत नाही.

महिनाभर आधी आपल्या ऑफिसात मी प्रोग्रामची चाचणी घेत होते. तो मधेच बंद पडला, मी पुन्हा सुरू केला. घड्याळाशेजारी एकाऐवजी दोन हिरवे ठिपके दिसले. मी माउस नेला तर त्यातला एक पटकन नाहीसा झाला. मला वाटलं, विंडोजचं काहीतरी असेल. तू तेव्हा खाली काकांकडे वायरचा तुकडा मागायला गेली होतीस. तू वर आलीस, मी म्हटलं, "सगळं ठीक," आणि आपण डबे उघडले. तुझ्याकडे खिमा होता, माझ्यासाठी तू बटाट्याची भाजी वेगळी आणली होतीस. मी तुला सांगितलं नाही. विसरले म्हणून नाही. तू पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायला बसली असतीस आणि मला घरी लवकर जायचं होतं म्हणून.

तर त्या सोमवारी मी जमिनीकडे बघत उभी होते. आणि तू, जिला कुणीच काही सांगितलं नव्हतं, तू सिस्टरांकडे गेलीस.

"सिस्टर, पुन्हा सांगा. माउस फिरवल्यावर गेला?"

"हां. सरांनी बान तिथे नेला, आनि ठिपका असा पुसल्यासारखा गेला."

तू क्षणभर डोळे मिटलेस. मग कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसलीस आणि डॉक्टरांना म्हणालीस, "सर, दोन मिनिटं इथे उभे राहा. सिस्टर, तुम्हीपण या."

तू आपला प्रोग्राम सुरू केलास. सेन्सर एकोणीस वाचणार, ठिपका लाल येणार, म्हणून आधी सेन्सर काढून दवाखान्यातल्या गार पाण्याच्या ग्लासात बुडवलास. ठिपका हिरवा झाला. मग तू प्रोग्राम नीट बंद न करता टास्क मॅनेजरमधून एका फटक्यात मारून टाकलास.

"सर, आता प्रोग्राम चालू आहे का?"

"तुम्ही तर बंद केलात."

"हां. आणि ठिपका?"

डॉक्टर पुढे वाकले. ठिपका तिथेच. हिरवागार.

तू ग्लासातून सेन्सर काढून मुठीत धरलास. "ही माझी मूठ. अंगाएवढी गरम. ठिपका बघा."

हिरवा.

"प्रोग्राम नीट बंद झाला तर जाताना आपला ठिपका काढून नेतो. अचानक मेला तर काढायला कोणी नसतं. विंडोज तिकडे बघतच नाही. माउस त्याच्यावरून गेला की मगच त्याला कळतं, याचा मालक नाहीये. मग तो काढतो." तू खुर्चीतून उठलीस. "सिस्टर, तुम्ही फिरवा माउस."

जयवंती सिस्टरनी पदराला हात पुसले, माउस धरला. बाण ठिपक्यावर गेला. ठिपका गेला.

बाहेर एक बाळ रडत होतं. सिस्टर शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदा डोळे पुसले.

"शनिवारी या कॉम्प्युटरवर काही चौकट आली होती का? प्रोग्राम बंद पडतोय वगैरे?" तू विचारलंस.

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो शर्टाने पुसला. मग म्हणाले, "आली होती. मी मेल बघत होतो. काहीतरी इंग्रजी होतं... मी ओके दाबलं." ते सिस्टरांकडे वळले. "मीच दाबलं, सिस्टर. तुम्ही खोटं बोलला नव्हतात."

इथेच थांबता आलं असतं. आपल्यावर अजून कोणी बोट ठेवलं नव्हतं. डॉक्टरांनी चूक स्वतःकडे घेतली होती, लाइटवाले होतेच. आणि तू मान वर करून म्हणालीस, "सर, तुमची चूक नाही. चौकट आली की सगळेच ओके दाबतात. चूक आमच्या प्रोग्रामची आहे. आणि हिरवा म्हणजे ठीक, हे सिस्टरना आम्हीच शिकवलंय."

'आम्ही' म्हणालीस. 'उज्जूने' असं नाही म्हणालीस.

जिना उतरताना मी तुझ्यावर चिडले होते. आठवतं? "एवढं सगळं बोलायची गरज होती का? काम गेलं असतं ना हातातलं!" तू पायऱ्या उतरता उतरता म्हणालीस, "तिचं नाव गेलं असतं, उज्जू. सतरा वर्षांचं." मी तेव्हाच सांगायला हवं होतं तुला. तोंडापर्यंत आलं होतं. मग रिक्षा आली आणि आपण बसलो. नंतर प्रत्येक वर्षी ते सांगणं आणखी अवघड होत गेलं. आज सांगितलं. तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक आहे. आधी पाच मिनिटं बोलली नसतीस. मग म्हणाली असतीस, "दोन ठिपके कुठल्या क्रमाने होते? डावा गेला की उजवा?"

काम मात्र गेलं नव्हतं. आपण जिना उतरायच्या आधी डॉक्टर म्हणत होते, तुमची वायर काढून न्या, मला नको ते हिरवं-लाल. तू एक आठवडा मागितलास. ते नाही म्हणणार तेवढ्यात जयवंती सिस्टर स्टुलावरून बोलल्या, "द्या त्यांना आठवडा, डॉक्टर. खरा बोलल्यात त्या. खरा बोलनारी मानसं काम पन खरा करतात." हे शिफारसपत्र आपण फ्रेम करून लावायला हवं होतं.

तो आठवडा! मला वाटतं आपण आयुष्यात एवढं भांडलो नसू. मी मंगळवारीच उपाय शोधून आणला. आपल्याच कोडमधून, माउस फिरल्याचा खोटा निरोप त्या कोपऱ्याला द्यायचा. प्रत्येक ठिपक्यावरून एकदा. विंडोज फसतं, तपासतं, मालक नसलेले ठिपके काढून टाकतं. मी त्याला झाडू म्हणायचे. चालवून दाखवला, पाच मेलेले ठिपके एका फटक्यात साफ. मी टाळ्या वाजवल्या.

तू नाही वाजवल्यास. "छान आहे. पण मग तिथे काय राहिलं?"

"काहीच नाही."

"आणि काहीच नसलेलं सिस्टरना दिसणार कसं? खोटा हिरवा गेला, बरं झालं. पण त्या जागी लाल कोण लावणार?"

मी म्हटलं, आधी प्रोग्राम मरणारच नाही असा लिहू. वायर सैल झाली की तो पडतो, ते दुरुस्त करू. तू म्हणालीस, ते करूच, पण उद्या दुसऱ्या कशाने तरी पडेल. मी म्हटलं, तू फार वाईट विचार करतेस. तू म्हणालीस, "मी नाही करत. फ्रीज करतो." खालून चक्की घरघरत होती आणि आपण दोघी तिच्यावर आवाज चढवून बोलत होतो. काका वर येऊन बघून गेले, कोणी कुणाला मारत तर नाही ना.

बुधवारी तू तुझा उपाय मांडलास. प्रोग्राम एक नाही, दोन. मोठा फक्त तापमान वाचणार. छोटा काहीच करणार नाही, फक्त मोठ्यावर नजर ठेवणार आणि ठिपका त्याच्या ताब्यात. मोठा मेला, किंवा जिवंत असूनही बोलेनासा झाला, की छोट्याने ठिपका लाल करायचा आणि भोंगा वाजवायचा. तू त्याला पहारा म्हणालीस.

"आणि पहाराच मेला तर?" मी विचारलं. जरा खुनशीपणानेच.

तुझा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. "तर मोठा त्याला पुन्हा उठवेल. पण पहाऱ्याचा जुना ठिपका तिथे हिरवा लटकत राहील. तो काढायला..." तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "झाडू! उज्जू, तुझा झाडू!"

दोन्ही लागत होते. तुझा पहारा आणि माझा झाडू. दोन दिवस आपण हमरीतुमरीवर येऊन भांडलो आणि दोघीही बरोबर निघालो. असं माझ्या बाबतीत पुन्हा कधी झालं नाही.

पुढचे तीन दिवस तू दिवसभर प्रोग्राम मारत बसलीस. मोठा मार, छोटा मार, वायर उपट, मधेच वायर अर्धी घाल. दर वेळी भोंगा. काकांनी खालून ओरडून विचारलं, "मॅडम, आग लागलीय का?" तू खिडकीतून वाकून म्हणालीस, "नाही काका, सगळं बरोबर चाललंय!" गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायका हसत सुटल्या.

सोमवारी हॉस्पिटलात तू डॉक्टरांना खुर्चीत बसवलंस, माउस त्यांच्या हातात दिलास. "सर, मारून बघा." त्यांनी मारला. चौथ्या सेकंदाला ठिपका लाल, आणि भोंगा असा की बाहेरची बाळं एकदम रडायला लागली. डॉक्टर हसले. आठवडाभरात पहिल्यांदा. "आणि हा दुसरा मारला तर?" त्यांनी पहारा मारला. क्षणभर दोन ठिपके दिसले, मग झाडू फिरला, एक राहिला. डॉक्टरांनी लहान मुलासारखं आठ-दहा वेळा केलं ते. जयवंती सिस्टरनी रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरची ती जुनी ओळ खोडली. खाली काय लिहायचं ते तू सांगितलंस. "हिरवा असला तरी दिवसातून दोनदा फ्रीज उघडून बघणे." मी विचारलं, आपल्याच कामावर भरवसा नाही का? तू म्हणालीस, "आहे ना. म्हणून तर लिहायला लाज वाटत नाही."

आणि मग मे महिना. दुपारचे तीन. मी तुझ्याशी कशावरून तरी वाद घालत होते आणि फोन वाजला. जयवंती सिस्टर.

"मॅडम, तुमचा भोंगा वाजला!"

तू एकदम उभी राहिलीस. "काय झालं?"

"फरशी पुसनारनीच्या हातून सेन्सरची वायर उपटली. मोटा प्रोग्राम पडला. ठिपका लाल, भोंगा चालू. मी धावत आले, म्हटला आता आलेच हाय तर फ्रीज बघू. उघडते तर आतला बलब बंद! कॉम्प्रेसर बंद! फ्रीजचा पलग जललेला. बाहेर लाइट हाय, पंखा हाय, कोनाला कलला पन नसता. पारा सातवर. मी सगला माल बरफाच्या पेटीत घातला. सगला वाचला, मॅडम. एक बाटली नाय गेली."

तू फोन हातात धरून तशीच उभी. "अल्ला," एवढंच म्हणालीस. मग माझ्याकडे न बघता धाडधाड जिना उतरलीस. मी मागे. तू काकांना चक्की बंद करायला लावलीस. भर दुपारी, दळण अर्धं असताना. गिरणीत एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत, पिठाच्या धुक्यात उभी राहून, तू दळणाला आलेल्या सगळ्या बायकांना सांगितलंस की खांदा कॉलनीतल्या एका फ्रीजमधल्या लसी वाचल्या. त्यांना ओ की ठो कळलं नाही. पण तुझा चेहरा बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी सगळ्यांना चहा सांगितला. तुझ्या भुवयांवर पीठ होतं. तू म्हातारी झाल्यावर कशी दिसशील ते मला तेव्हा कळलं, आणि तू फार सुंदर दिसत होतीस.

सलमा, मामींना मी हे सांगायला हवं होतं. कामोठ्यात, उरणला, पेणला, पनवेलच्या जुन्या दवाखान्यांत तुझा पहारा आजही चालू आहे. विंडोज बदललं, कॉम्प्युटर बदलले, सेन्सर बदलले, तुझी रचना तीच. त्या फ्रीजमधली लस टोचलेली पोरं आता शाळेत जातात. त्यांच्या आयांना तुझं नाव माहीत नाही. तुला त्याचं काही नव्हतं. मला आहे. मी सांगत सुटणार आहे.

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. भोंगा बंद करायचं बटण. प्रत्येक नवा दवाखाना मागायचा. मी म्हणायचे, देऊ या गं, सिस्टर लोकांचं डोकं उठतं, पेशंट दचकतात. तू म्हणायचीस, "फ्रीजपर्यंत चालत जा. प्रोग्राम पुन्हा सुरू कर. आपोआप बंद होतो. बसल्या जागी बंद करायला मिळालं तर ते डॉक्टरांच्या ओकेसारखं होईल." मी दहा वेळा बटण घातलं, तू दहा वेळा काढलंस. तुझ्या आजाराचं निदान झालं, मुंबईच्या खेपा सुरू झाल्या, तरी तू फोनवर पहिलं विचारायचीस, "बटण घातलं नाहीस ना?"

मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले होते, ती आपली शेवटची भेट. तू उशांना टेकून बसली होतीस. मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत जात होती. मी लॅपटॉप आणला होता. नवी आवृत्ती तयार होती, आणि ती तू बघितल्याशिवाय मी कुणाला देणार नव्हते. रडायचं नाही असं ठरवून आले होते, त्यामुळे फार भराभर बोलत होते.

"गप्प," तू म्हणालीस. "दाखव."

मी पहारा सुरू केला. ठिपका हिरवा. लॅपटॉप तुझ्या मांडीवर ठेवला. तू स्वतः टास्क मॅनेजर उघडलास. बोटं हळू चालत होती, पण कुठे जायचं ते त्यांना माहीत होतं. मोठा प्रोग्राम निवडलास आणि मारलास.

एक. दोन. तीन.

चौथ्या सेकंदाला ठिपका लाल झाला आणि भोंगा सुटला. त्या छोट्या खोलीत तो असा घुमला की खिडकीतली कबुतरं उडाली. अम्मी स्वयंपाकघरातून पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या. तुझा भाऊ बाथरूममधून तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर. शेजारच्या बाईंनी दारातून डोकं घातलं. "क्या हुआ? काय झालं?"

तू हसत होतीस. आधी आवाज न करता, मग खांदे हलवून, मग खोकला येईपर्यंत. मी पाणी पुढे केलं, तू ते बाजूला सारलंस, अजून हसायचं होतं तुला.

"बंद कर गो ते, उज्ज्वला!" अम्मी कानांवर पिठाचे हात ठेवून ओरडल्या.

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे. तुझ्या डोळ्यांत मला गिरणीतली तीच दुपार दिसली.

"नाही होत, अम्मी," मी म्हटलं. "बटणच नाहीये."